वर्षअखेरची शिल्लक कुणाची? सामुदायिक क्रीडा व मनोरंजन केंद्रांच्या व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार,

वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदार शेवटच्या पानावर येतात, ‘खर्च वजा जाता शिल्लक’ म्हणून एक आकडा वाचतात आणि टाळ्या पडतात. हे पत्र त्या आकड्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं की बहुतेक केंद्रांत तो पैसा शिल्लक नसतोच, तो इमारतीचा असतो. छत, पंप, फिल्टर, लाकडी फरशी, वायरिंग हे सगळं वर्षभर झिजलं. त्या झिजेचं बिल अजून हाती आलेलं नाही, म्हणून ते जमाखर्चात दिसलं नाही. ते येणार हे नक्की आहे आणि साधारण कधी येणार हेही आधी सांगता येतं.

मी अशाच एका केंद्राचे हिशेब काही वर्षं पाहिले आहेत आणि आता साधी सभासद आहे. तुमच्यापैकी बरेच जण हे काम नोकरी-घर सांभाळून, एक पैसा न घेता करता. रात्री पंप बंद पडला की फोन तुम्हालाच येतो. तेव्हा इथे कुणाच्या हेतूवर शंका नाही. पण चांगल्या माणसांनी चालवलेली केंद्रंही बंद पडतात, आणि त्याचं कारण बहुधा हिशेबाच्या पद्धतीत सापडतं.

या विषयावर विचारलं की उत्तर येतं, ‘आम्ही घसारा दाखवतो ना.’ घसारा म्हणजे वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करत नेणारी वहीतली नोंद. ती केल्याने बँकेत काहीही बाजूला पडत नाही. शिवाय तो मूळ खरेदी किमतीवर काढला जातो आणि नवा पंप मात्र आजच्या भावाने घ्यावा लागतो. वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्राचा घसारा पूर्ण झाला, पुस्तकात त्याची किंमत शून्यावर आली, म्हणजे आपण सुटलो असं नाही. उलट खर्च आता दारात उभा आहे.

दुसरा फसवा आकडा आगाऊ वर्गणीचा. वर्षभराची वर्गणी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जमा होते आणि बँकेतली रक्कम फुगते. तेवढ्यात कुणीतरी सुचवतं की प्रवेशद्वार नव्याने करू या, जिममध्ये दोन ट्रेडमिल घेऊ या. पण ती वर्गणी पुढच्या बारा महिन्यांच्या सेवेसाठी घेतलेली आहे. जोवर सेवा दिली नाही, तोवर ती कमाई झालेली नाही, सभासदांचं देणं आहे. दर महिन्याला तिचा बारावा हिस्साच उत्पन्न म्हणून धरला, तर वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पगार आणि वीजबिलासाठी होणारी धावपळ बऱ्याच अंशी थांबते.

आता मुख्य मागणी. प्रत्येक केंद्राकडे एक यादी असावी. इमारतीत आणि आवारात जे जे झिजतं आणि कधीतरी बदलावं लागणार आहे, त्या प्रत्येक वस्तूची ओळ त्यात हवी: ती कधी बसवली, एकूण आयुष्य किती, उरलं किती, आज बदलायची तर खर्च किती. यादी मोठी वाटली तरी साधारण केंद्रात पन्नास-साठ ओळींच्या पुढे ती क्वचितच जाते. मग हिशेब सोपा आहे. छताच्या वॉटरप्रूफिंगचं आयुष्य २० वर्षं धरलं आणि १५ झाली असतील, तर ते बदलण्याच्या आजच्या खर्चाच्या तीन चतुर्थांश इतकी रक्कम आजच राखीव निधीत असायला हवी. असं प्रत्येक ओळीचं काढा आणि बेरीज करा. ती बेरीज एका बाजूला आणि निधीत खरोखर असलेली रक्कम दुसऱ्या बाजूला ठेवली की केंद्राची प्रकृती एका टक्केवारीत कळते. हा आकडा पहिल्यांदा काढल्यावर धक्का बसतो, हे मी अनुभवाने सांगते. पण तो आकडा कळला म्हणून केंद्र गरीब झालं असं होत नाही. आधीही ते तसंच होतं, फक्त कुणी लिहिलं नव्हतं.

यादी होईपर्यंत एक ढोबळ माप वापरता येतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींबाबत सांगितलं होतं की नेहमीच्या देखभाल-दुरुस्तीसाठी दरवर्षी इमारतींच्या आजच्या पुनर्बांधणी किमतीच्या २ ते ४ टक्के रकमेची तरतूद हवी. तरणतलाव असलेल्या केंद्राने यातल्या खालच्या टोकावर समाधान मानू नये असं माझं मत आहे. आपल्या अंदाजपत्रकातला ‘डागडुजी’चा आकडा या मापाशेजारी एकदा ठेवून पाहा.

राखीव निधी वेगळ्या खात्यात हवा. तो मोडायचा असेल तर समितीच्या ठरावाने, आणि तोही यादीतल्या कामासाठीच. पगार भागवायला ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे परत येत नाहीत. आणि देणगी किंवा अनुदान मिळालं की नवं काहीतरी बांधायची घाई होते, कारण नव्या सभागृहावर नावाची पाटी लागते, पंपाच्या सांध्यातल्या नव्या गॅस्केटवर लागत नाही. देणगीदारांशी बोलताना ही गोष्ट उघडपणे मांडा. बांधकामासाठी देणगी देणाऱ्याला त्या बांधकामाच्या पुढच्या देखभालीसाठीही काही हिस्सा मागावा. यात संकोच कशाचा? देखभालीची सोय नसलेली नवी इमारत स्वीकारणं म्हणजे पुढच्या समितीच्या नावावर कर्ज काढणं आहे.

देखभाल पुढे ढकलली की फार तर रंग उडेल, फरशी कुरकुरेल, असं वाटतं. दोन घटना सांगते. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या बंदिस्त तरणतलावाचं काँक्रीटचं टांगतं छत ९ मे १९८५ रोजी कोसळलं आणि १२ जण दगावले. ते छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांवर टांगलेलं होतं, त्यांना तलावाच्या हवेतल्या क्लोराइडमुळे भेगा गेल्या होत्या. स्टेनलेस स्टील गंजत नाही या समजुतीवर कुणी त्याकडे पुरेसं पाहिलं नव्हतं. दुसरी घटना जर्मनीतल्या बाड रायखनहालची. तिथल्या आइस स्केटिंग हॉलचं लाकडी छत २ जानेवारी २००६ रोजी बर्फाच्या भाराखाली पडलं. १५ माणसं गेली, त्यांतली १२ मुलं होती. तुळया जोडायला वापरलेला गोंद ओलसर हवेत टिकणारा नव्हता आणि वर्षानुवर्षांच्या दमटपणात तो दुबळा झाला होता. पहिली इमारत जेमतेम तेरा वर्षांची होती, दुसरी साडेतीन दशकांचीही नव्हती. दोन्ही ठिकाणी लोक विरंगुळ्यासाठी आले होते.

म्हणून माझी विनंती आहे की ज्या केंद्रात तलाव बंदिस्त आहे किंवा मधे खांब नसलेलं मोठं छत आहे, तिथे संरचना अभियंत्याकडून ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी. खोट्या छताच्या वर काय आहे, ते उघडून पाहिलं जावं आणि अहवाल सभासदांना वाचायला मिळावा. पैसे नाहीत म्हणून ही तपासणी पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. इतर कुठलंही काम टाका, हे नको.

तरणतलावाकडे येते, कारण केंद्राच्या तिजोरीला सर्वांत मोठं भोक बहुधा तिथेच असतं. २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद तलावाची पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे २,५०० लिटर पाणी गेलं. दिवसाला फक्त एक मिलिमीटर गळती असली, तरी वर्षाला ९० हजार लिटरहून जास्त पाणी जातं. त्याच्यासोबत औषधं जातात आणि तापवलेला तलाव असेल तर उष्णताही. तरी ‘उन्हाने उडतं’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं काय ते एका बादलीने कळतं. तलावाच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात तलावाइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा, दोन्हीकडे खूण करा, पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि २४ तासांनी पाहा. बादलीतलं पाणी फक्त बाष्पीभवनाने घटतं. तलावाचं त्याहून जास्त उतरलं असेल, तर तेवढी गळती आहे. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा असं केलं, तर गळती पाइपलाइनमध्ये आहे की टाकीत, याचाही अंदाज येतो. ही चाचणी दर तिमाहीला करून वहीत लिहायला कसलाच खर्च नाही.

बाष्पीभवनाचाही हिशेब मांडावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटइतकी उष्णता निघून जाते. वर सांगितलेल्या तलावातून सेंटीमीटरभर पाणी उडालं तर ती १,७०० युनिटच्या आसपास भरते, आणि ही उष्णता हिटरलाच भरून काढावी लागते. रात्री तलावावर आच्छादन घालणं हा वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. अनेक केंद्रांत ते आच्छादन विकत घेतलेलं असतं आणि कोपऱ्यात गुंडाळून पडलेलं असतं, कारण ते ओढायला दोन माणसं लागतात आणि रात्रीच्या पाळीत एकच असतो. असे प्रश्न समितीच्या बैठकीत यायला हवेत. दुसऱ्या माणसाच्या अर्ध्या तासाची मजुरी आणि वाचलेली उष्णता यांची तुलना करायला कागद-पेन्सिल पुरते.

पंपाचंही तसंच. फिरण्याचा वेग निम्मा केला की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी वीज सिद्धांतानुसार आठव्या भागावर येते. दुप्पट वेळ चालवून तेवढंच पाणी फिरवलं तरी खर्च चौथाईच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी पडते आणि गर्दीच्या वेळी गाळण्याचा ठरलेला वेग राखावाच लागतो. तरी रात्रीच्या तासांसाठी वेग बदलणारी मोटर घ्यायचा प्रस्ताव ‘महाग आहे’ एवढ्या शेऱ्यावर फेटाळू नये.

आणि तो वास! सभासद म्हणतात, आज क्लोरीन फार टाकलंय, डोळे चुरचुरतात. मग कुणीतरी मात्रा कमी करायला सांगतं. हा वास बहुधा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन झालेल्या संयुगांचा. काम करणारं मोकळं क्लोरीन पुरेसं उरलेलं नाही, अशीच ती खूण असते. तिथे मात्रा आणखी कमी करणं धोक्याचं आहे. उपाय म्हणजे पाण्यात उतरण्याआधी अंघोळीची सक्ती, ताजं पाणी, वाऱ्याची सोय आणि दिवसातून अनेकदा केलेली नोंद: मोकळं क्लोरीन किती, संयुक्त (क्लोरामाइनमध्ये अडकलेलं) किती, पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आहे का. पीएच वर गेला की क्लोरीनची ताकद घटते, म्हणजे औषधावरचे पैसेही वाया. क्लोरीनची औषधं आणि आम्ल एकाच खोलीत शेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत. ती एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. उद्याच वेगळी करा, बैठकीची वाट पाहू नका.

कपडे बदलण्याच्या खोल्यांतल्या शॉवरबद्दल एकच गोष्ट. केंद्र काही आठवडे बंद राहिलं, तर पाइपात थांबलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या अधिवेशनानंतर पसरलेल्या न्यूमोनियातून त्यांचा शोध लागला. २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवतं. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवणं आणि न वापरलेले नळ आठवड्यातून एकदा सोडून वाहू देणं हे काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं हवं.

लाकडी कोर्टला पाणी नको आणि हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत हवी, एवढं पाळलं तरी पुष्कळ. त्यावर लग्न-समारंभाच्या खुर्च्या मांडायला भाड्याने देताना मिळणारं भाडं दिसतं, पॉलिश लवकर करावं लागतं ते दिसत नाही. भाड्यात तो भाग धरा. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांबद्दल मात्र कर्मचाऱ्यांना दोष देऊ नका. ते विझवले की पुन्हा उजळायला कितीतरी मिनिटं घेतात, म्हणून रिकाम्या कोर्टवर ते दिवसभर जळत राहतात. एलईडी बसवलं की कमी वॅट लागतात, त्याहून मोठा फायदा म्हणजे लगेच बंद-चालू करता येतं.

दरांचा प्रश्न नाजूक आहे. ‘दर वाढवू नका’ म्हणणारे सभासद आणि ‘परवडत नाही’ म्हणणारी समिती यांच्यात भांडण होतं, कारण एका तासाला केंद्राला खरा खर्च किती येतो हे दोघांनाही माहीत नसतं. तो काढा. कोर्टच्या वाट्याला येणारा वर्षाचा सगळा खर्च, राखीव निधीतल्या हिश्श्यासकट, त्या कोर्टच्या प्रत्यक्ष वापराच्या तासांनी भागा. मग ठरवा की ज्येष्ठांकडून किती घ्यायचं, शाळकरी मुलांकडून किती, बाहेरच्या स्पर्धांकडून किती. सवलत जरूर द्या. सामुदायिक केंद्र त्यासाठीच आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याला दारातून परत पाठवणारं केंद्र मला नको आहे. पण सवलतीची रक्कम हिशेबात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे आणि ती कुठून भरली जाते हेही. आज बहुतेक ठिकाणी ती छताच्या पैशातून भरली जाते आणि कुणाला पत्ता नसतो. आणखी एक: मोकळे तास स्वस्तात देताना निदान त्या तासाची वीज, माणूस आणि झीज एवढं निघालं पाहिजे. दर अनेक वर्षं गोठवून मग एकदम मोठी वाढ करण्यापेक्षा दरवर्षी थोडी वाढ सभासद समजून घेतात.

रोख रकमेबद्दल लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते. पैसे घेणारा, वहीत लिहिणारा आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहणारा, ही तीन माणसं वेगळी हवीत. छोट्या केंद्रात तिघं मिळत नसतील, तर निदान ताडून पाहणारा वेगळा असावा. क्रमांक छापलेली पावती पुस्तकं, रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकातच, धनादेशावर दोन सह्या आणि कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही कधीच नाही. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५० च्या सुमारास विश्वासाच्या जागी बसून अपहार केलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत दिसलं की ही माणसं सराईत चोर नव्हती. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी आणि ‘उसने घेतोय, परत ठेवीन’ ही स्वतःची समजूत, यांतून ती तिथवर गेली. अडचण आणि समजूत आपल्या हातात नाहीत, संधी आहे. काउंटरवरच्या प्रामाणिक माणसाला उद्याच्या संशयापासून वाचवणारी हीच व्यवस्था आहे. म्हणून ‘आमचा यांच्यावर पूर्ण विश्वास आहे’ हे वाक्य नियंत्रणाच्या जागी वापरू नका.

आम्हा सभासदांकडेही बोट येतं आणि ते बरोबर आहे. गळका नळ पाहून पुढे जाणारे, कोर्ट राखून न येणारे, वर्गणी थकवून सभेत तावातावाने बोलणारे आम्हीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनं लोक कशी सांभाळतात या अभ्यासासाठी. स्वित्झर्लंडची डोंगरी कुरणं, जपानमधल्या गावांची सामाईक रानं, स्पेनमधले पाटबंधारे शतकानुशतकं टिकले, कारण वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेख करणारे त्यांनाच उत्तरदायी होते आणि शिक्षा छोटीपासून सुरू होऊन वाढत जाई. आपल्याकडे यातलं पहिलंच नसतं. नियम समिती करते, सभासदांना ते फलकावर दिसतात. नियम ठरवताना आम्हाला बोलवा. कोर्ट राखून न आल्यास पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा आठवडाभर आरक्षण बंद, असं आम्हीच ठरवलं तर ते पाळायचं दडपणही आमचंच राहील.

दर महिन्याला एका पानाचा हिशेब फलकावर लावा: जमा, खर्च, राखीव निधी, थकबाकी, वीज आणि पाण्याची युनिटं, आणि लांबणीवर टाकलेली दुरुस्तीची कामं कारणांसह. शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काम लांबणीवर टाकणं कधी कधी योग्यही असतं, पण ते कुणी, कधी आणि कशासाठी टाकलं हे लिहिलेलं असलं की पुढच्या समितीला अंधारात चाचपडावं लागत नाही.

या सगळ्यातलं पहिलं काम यादीचं आहे आणि त्यासाठी ठराव, निधी, सल्लागार यांतलं काहीच लागत नाही. एक रविवार ठरवा, सूचना लावा. आमच्यात विजेचं काम जाणणारे आहेत, प्लंबर आहेत, निवृत्त अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही. पंपरूमपासून सुरुवात करून गच्चीपर्यंत जाऊ, यंत्रांवरच्या पाट्यांचे फोटो काढू, बसवल्याची वर्षं जुन्या बिलांतून शोधू. तारीख कळवा.

आपली,
एक सभासद